एका चालीचे दोन ठिपके

आमचं ऑफिस बेलापूरला आणि खाण चंद्रपूरकडे. खाण गिऱ्हाइकाची; पण दिवसभर तिच्यात डोकं खुपसून बसलं की आपलीच वाटायला लागते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला काडेपेटीएवढा टॅग असतो. माणूस जिथे असेल तिथे आमच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसतो. मी राहते त्या करंजाड्याच्या सोसायटीत बायका विचारतात, काय काम करता? मी ‘कॉम्प्युटर’ म्हणते आणि विषय संपवते. पुढे सांगायचं तर बाबांवर यावं लागतं.

बाबा तिकडच्याच एका कोळसा खाणीत होते. तेव्हा पितळी बिल्ले असायचे. उतरताना फळ्यावरून घ्यायचा, वर आलं की खिळ्याला परत अडकवायचा. फळा भरला की सगळे वर आले असं धरायचं. पण रांग मोठी, जीव दमलेला. मग मित्राच्या हाती बिल्ला द्यायचा आणि आपण जुन्या, बंद केलेल्या तिरप्या वाटेने बाहेर पडायचं. ती थेट आमच्या वसाहतीमागे निघायची. सगळेच करत. दुसऱ्याचा बिल्ला लावणं म्हणजे दोस्ती होती, त्यात लबाडी कुणालाच दिसत नसे.

त्या दिवशी बाबांचा बिल्ला शेजारच्या काकांनी लावला. जुन्या वाटेत बाबांवर छत कोसळलं. फळा भरलेला, म्हणून कुणी शोधायला गेलंच नाही. आम्हाला वाटलं, बाजारात रेंगाळले असतील. सापडले तेव्हा फार उशीर झाला होता. मला अजून तो फळा स्वप्नात दिसतो. एकही खिळा रिकामा नसतो, आणि मला ओरडता येत नाही.

परवा दुपारी पाळी सुटताना स्क्रीनवर दोन ठिपके एकमेकांवर चढलेले दिसले. शेजारचा सहकारी म्हणाला, “डुप्लिकेट येतंय यार. टेन्शन नको घेऊ, रिफ्रेश मार.”

मी रिफ्रेश मारलं. तरी दोन्ही तसेच. दोन माणसं बरोबर निघाली तरी एखादा तंबाखू मळायला थांबतो, एखादा पुढे जातो. हे दोघं एकदम वळले, एकदम थांबले, एकदम वर आले. मी खाणीवर फोन लावला.

“सगळे वर आले मॅडम. तुमच्याच स्क्रीनवर बघा की.”

“स्क्रीनच बघतेय!” मी इतक्या जोरात ओरडले की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. “कुणाच्या तरी खिशात दोन टॅग आहेत. त्याला विचारा, दुसरा माणूस कुठे सोडला? आणि आधी तुमच्याकडच्या बंद केलेल्या जुन्या वाटेत शोधा!”

नंतर नुसतं थांबणं. मी बाबांचाच शोध घेत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. शेवटी फोन आला. दुसरा माणूस जुन्या वाटेतच होता. पाय दगडाखाली अडकलेला, पण बोलत होता.

घरी आई मेथी निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

“जिता हाय?” तिने विचारलं.

“हो गं.”

तिचे हात थांबले. “मंग काकाले फोन कर.”

बाबा गेल्यावर हे शेजारचे काका रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसायचे. आई चहा द्यायची, ते पिऊन उठायचे. बिल्ल्याचा विषय ना त्यांनी कधी काढला, ना आईने. आम्ही इकडे येईपर्यंत हे असंच चाललं.

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, सगळं सांगितलं. वाचलेल्या माणसाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

“अन् ज्याच्यापाशी दोन्ही होते,” काका म्हणाले, “त्याले कोनी काही बोललं तं नाही ना?”

आईने फोन माझ्या हातातून घेतला.

“नाही जी,” ती म्हणाली. “तुमाले तरी कोन बोललं?”