आत्याच्या जुन्या संगणकावर पायथन

माझी आत्या जन्मापासून अंध नाही. उमरेडला आमच्या घरी मागावर साड्या विणल्या जायच्या, तेव्हा ती लहानपणी कांड्या भरायची आणि सुताचे रंग तिला अजून आठवतात. पुढे एका तापात तिची नजर गेली. आजोबांनी तिला नागपूरला अंध मुलींच्या शाळेत आणून घातलं. ती तिथेच शिकली, तिथेच शिक्षिका झाली आणि नोकरीची शेवटची वर्षं तिने शाळेच्या ब्रेल छापखान्यात काढली. ती निवृत्त झाल्यावर शाळेने तो छापखाना बंद करायचं ठरवलं. पुस्तकं बाहेरून छापून घेणं सोपं पडत होतं. जुना ब्रेल प्रिंटर आणि त्याला जोडलेला संगणक भंगारात जाणार, असं आत्याला कळलं तेव्हा ती सरळ मुख्याध्यापिकांकडे गेली आणि म्हणाली, "भंगारवाल्याले देता, त्यापेक्षा मले द्या."

अशा रीतीने तो प्रिंटर मालवाहू ऑटोत बसून गोळीबार चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आला. 'आमच्या' म्हणते, कारण कोरोनात माझी पुण्याची नोकरी घरून सुरू झाली, मी आत्याकडे राहायला आले आणि परत गेलेच नाही. मी प्रोग्रॅमर आहे. माझं काम लॅपटॉपवर चालतं, तिचं काम त्या प्रिंटरवर.

ब्रेल प्रिंटर शाई वापरत नाही. जाड कागदावर सुया आपटून तो टिंबं उठवतो, आणि त्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. म्हणून आत्या सकाळी, खालच्या घरची माणसं कामाला गेली की छापायला बसायची. संगणकावर विंडोज एक्सपी ही जुनी सिस्टिम होती. प्रिंटरची तार संगणकातल्या ज्या कार्डाला जोडलेली होती, ते कार्ड फक्त त्याच जुन्या सिस्टिमवर चालायचं. प्रिंटर बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बंद झाली होती. बाजारात मिळणारी जोडणी आणून मी तो प्रिंटर माझ्या लॅपटॉपला लावून पाहिला, तर त्याने अर्ध्या पानावर अडकून नुसती टिंबांची रास ओतली. आत्याने तो कागद हाताने चाचपला आणि म्हणाली, "हे काही भाषा नव्हे वं."

तिचं जुनं चालू होतं तोवर मी त्यात लक्ष घातलं नाही. मग एका उन्हाळ्यात आत्याच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ही बाई धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. तिलाही दिसत नाही. तिची मुलगी डोळस आहे आणि त्या वर्षी पहिलीत जाणार होती.

"मॅडम," ती म्हणाली, "पोरगी पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसन, तवा मी काय करू? शेजारणीले बोलावू का? मले तिचं पुस्तक ब्रेलमधी पाहिजे. तिनं एक ओळ वाचली का मले समजलं पाहिजे, बरोबर वाचली का चूक."

आत्याने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर पुस्तक तयार होईल, असं तिने सांगितलं.

अडचण संध्याकाळीच कळली. पुस्तकाची फाइल आजकालच्या युनिकोड मराठीत होती. आत्याचा ब्रेलचा प्रोग्रॅम जुन्या फॉन्टच्या काळातला. त्याला ही मराठी दिली की सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं यायची. मी म्हटलं, यात काय मोठं, आणि माझ्या लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. तो पुस्तकाची फाइल उघडायचा, मराठी मजकूर वेगळा काढायचा आणि ब्रेलमध्ये बदलायचा. मी खुशीत आत्याला सांगितलं, "मी फाइल बनवून पेनड्राइव्हवर देत जाईन. तू छापत जा."

 आत्या म्हणाली, "छापलेलं पान मी वाचते. चूक सापडते. मंग तुले आवाज देऊ? तू मीटिंगमधी असशील. तू बदलून देशील, मी पुन्हा छापीन, पुन्हा चूक सापडन, पुन्हा तुले आवाज देऊ? आणि तू उद्या पुण्याले गेली तर?"

"मी कुठे जाऊन राहिली?"

"गेली नाही तरी. या संगणकावर मी बोट ठेवते आन् मले सगळं ऐकू येते. आतापर्यंत माझं काम मी एकटीनं केलं. तुझा प्रोग्रॅम चांगला असन, पण तो माझ्या संगणकावर चालला पाहिजे."

मला राग आला, हे खरं. पण तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तिचा तो जुना, यांत्रिक आवाज ती इतक्या वेगाने ऐकते की मला त्यातलं अक्षर कळत नाही. त्या संगणकावर ती कोणाची मिंधी नव्हती. मी माझ्या सोयीसाठी तिला मिंधी करायला निघाले होते.

माझा प्रोग्रॅम चालायला आधी संगणकावर पायथन असावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवं पायथन त्या संगणकावर बसवायला घेतलं. त्याने सुरुवातीलाच नकार दिला. ही सिस्टिम फार जुनी आहे, एवढंच सांगून खिडकी बंद. मग पायथनची एक जुनी आवृत्ती शोधली. ती मुकाट बसली, पण पुस्तकाच्या फाइल उघडणारी जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचा संच, मी वापरत होते, तिला नवंच पायथन हवं होतं. जुन्यावर ती चालेना, आणि तिच्या जुन्या आवृत्तीला मराठी जोडाक्षरं नीट काढता येत नव्हती. इंटरनेटवर विचारलं, तर एकाने लिहिलं की असला संगणक फेकून द्यावा. दुसऱ्याने लिहिलं की हे करण्यात काही अर्थ नाही. या दुसऱ्या उत्तराने माझा इरादा पक्का झाला. अर्थ आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार होतं?

पायथनचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तो घेऊन, जुन्या सिस्टिमसाठी प्रोग्रॅम बनवू शकणाऱ्या एका जुन्या कंपायलरने मी तो स्वतःच बांधायचं ठरवलं. खरी अडचण अशी होती की नवं पायथन सुरू होताना विंडोजकडे काही कामं मागतं. वेळ सांग, फाइलचा पत्ता दे, कुलूप लाव, अशी. त्यातली काही कामं एक्सपीच्या वेळी अस्तित्वातच नव्हती. असं एक नाव जरी सापडलं नाही, तरी पायथन सुरूच होत नाही. प्रत्येक नावासाठी मला तेच काम जुन्या पद्धतीने करणारा तुकडा लिहून मूळ कोडमध्ये घालावा लागणार होता.

आमचा क्रम ठरला. सकाळी ऑफिसचं काम सुरू व्हायच्या आधी मी लॅपटॉपवर बांधणी करायची, ती आत्याच्या संगणकावर न्यायची, आणि आत्या ती चालवायची. चूक आली की तिचा तो भरभर आवाज काहीतरी पुटपुटायचा आणि आत्या मला एकेक इंग्रजी अक्षर सांगायची. कूलरच्या घरघरीत तिला मोठ्याने बोलावं लागे.

"कालचंच नाव आहे का?" मी विचारायचे.

"नाही वं, नवीन हाय."

"म्हणजे कालचं सुटलं."

"मंग पुढेच गेलो ना आपण," आत्या म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची.

नवी चूक म्हणजे प्रगती, हा हिशेब मला आत्याने शिकवला. नोकरीत मी चूक दिसली की वैतागायचे. इथे तीच चूक पुन्हा आली की दोघी हिरमुसायचो, आणि वेगळी आली की आम्हाला हुरूप यायचा.

मेच्या मध्यात, दुपारी गच्चीच्या जिन्याला हात लावता येणार नाही अशा उन्हात, तो संगणकच बंद पडला. आतून जळका वास आला. वीजपुरवठा करणारा डबा गेला होता. मी संध्याकाळी मेट्रोने सीताबर्डीला गेले. दुकानांमागून दुकानं फिरले. नव्या डब्याची तार त्या जुन्या संगणकातल्या बोर्डाला बसणारी नव्हती. शेवटी एका अरुंद दुकानात, वर माळ्यापर्यंत जुने पार्ट रचून ठेवलेल्या एका माणसाने माझ्या हातातला डबा उलटसुलट करून पाहिला.

"ताई, इसको छोड़ दो ना. काहून पैसे लावून राहिल्या याच्यात? नवीन संगणक घ्या."

"नवीन चालत नाही आमच्या कामाला."

"असं कोणतं काम हाय?"

मी सांगितलं. आंधळी आई, पहिलीचं पुस्तक, सगळं.  तो स्टूल लावून वर चढला, बराच वेळ खुडबुड करत राहिला, आणि धुळीने माखलेला एक डबा घेऊन उतरला. दुकानातच लावून, पंखा फिरतोय का ते पाहून मग तो माझ्या हातात दिला. म्हणाला, "लय दिवस चालन असं नाही सांगत. पण चालन."

तो डबा बसवल्यावर पुढच्याच आठवड्यात एका सकाळी मी बांधणी नेली, आत्याने नेहमीसारखी चालवली आणि कान देऊन ऐकत बसली. मी लॅपटॉपसमोर पुढच्या चुकीची वाट पाहत होते.

"हे काय म्हणून राहिलं?" आत्या म्हणाली. "ग्रेटर, ग्रेटर, ग्रेटर. मंग चूपच."

मी उठून तिच्या खुर्चीमागे गेले. काळ्या खिडकीत पायथनच्या आवृत्तीचा नवा आकडा होता, आणि त्याखाली तीन बाण, हुकूम द्या म्हणून वाट पाहणारे. तो यांत्रिक आवाज त्या बाणांना ग्रेटर म्हणत होता.

"चालू झालं, आत्या," मी म्हटलं.

"मंग उभी काहून हायेस? पुस्तक टाक."

पुस्तक लगेच चाललं नाही. लायब्ररीतले दोन तुकडे आणखी दुरुस्त करावे लागले. पण ज्या दिवशी पहिलं पान छापून बाहेर आलं, त्या दिवशी आत्याने ते मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांची बोटं ओळीवरून नेली. तिसऱ्या ओळीवर बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा थांबली.

"जोडाक्षरं सगळी उलटी हायेत," ती म्हणाली. "आपण लिहिताना अक्षर लिहितो, मंग त्याचा पाय मोडतो. ब्रेलमधी पाय मोडल्याची खूण आधी येते, अक्षर मंग. तू डोळ्यानं तपासलं असन."

मी डोळ्यानेच तपासलं होतं. टिंबांचा नकाशा समोर ठेवून एकेक अक्षर बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं होतं. क्रम पाहिलाच नव्हता. मी दुरुस्ती केली. त्यानंतर 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला र अडला, मग अवतरणचिन्हं, मग पानांचे आकडे. त्यातलं बरंचसं मी नाही, आत्यानेच दुरुस्त केलं. कुठली अक्षरं कशात बदलायची, ते मी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वेगळं ठेवलं होतं. आत्या ती फाइल स्वतः उघडायची, ओळ बदलायची, छापायची, चाचपायची. मी आत मीटिंगमध्ये असताना बाहेर प्रिंटर सुया आपटायचा, थांबायचा, पुन्हा आपटायचा. पलीकडून कोणीतरी विचारायचं, "आवाज कसला?" मी सांगायचे, "आमच्या घरी पुस्तक छापणं चालू आहे."

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी ती आई मुलीचा हात धरून जिना चढून आली. पुस्तक जाड झालं होतं, ब्रेलचं होतंच तसं. तिने ते उघडलं, बोटं फिरवली आणि पहिली कविता सलग वाचून दाखवली. मुलगी आपलं रंगीत पुस्तक घेऊन शेजारी बसली होती. तिला सगळं वाचता येत नव्हतं, पण कविता बालवाडीत पाठ झालेली होती. आई पान उलटायला लागली तसं तिने तिला अडवलं.

"आई, तू फुगेवाला सोडला."

"कविता वाचली ना मी पूर्ण. कुठं हाय फुगेवाला?"

"चित्रात. त्याच्याजवळ लाल फुगा हाय, आणि एक कुत्रा."

आईची बोटं पानावर इकडेतिकडे फिरली. "माझ्या पुस्तकात चित्र नाही," ती म्हणाली. "तू सांग मले, काय काय हाय."

मुलीने सांगितलं. कुत्र्याची शेपटी कशी आहे, इथपर्यंत सांगितलं. आत्या ऐकत होती. त्या गेल्यावर तिने मला खुर्ची ओढून जवळ बसायला लावलं.

"चित्रं राहून गेली आपली. प्रत्येक चित्राच्या जागी दोन ओळी घालायच्या, त्यात काय हाय ते. तू पाहून सांग, मी लिहिते."

"आणि प्रोग्रॅममध्ये कुठे घालायचं ते मी करून देते."

"नाही," आत्या म्हणाली. "ते मले शिकव. एकदा पायथन चालू झालं हाय ना माझ्या संगणकावर. मंग ते मले आलंच पाहिजे."

तिने कळफलकावर बोटं ठेवली. तो आवाज म्हणाला, ग्रेटर, ग्रेटर, ग्रेटर. मी तिला पहिली ओळ सांगितली, तिने ती लिहिली. कंस बंद करायला विसरली, चूक आली, आणि तिने ती चूक पुन्हा एकदा शांतपणे ऐकून घेतली.