काटेबाईंचा आवाज

वजनाचा काटा खांद्याला अडकवून घरोघर फिरायच्या, म्हणून सगळे त्यांना काटेबाई म्हणायचे. नाव काट्यांचं, पण आवाज लोण्यासारखा. म्हणूनच गरोदर बायकांच्या मोबाईलवर दर शुक्रवारी जाणारे निरोप रेकॉर्ड करायला दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी त्यांनाच बसवलं. कोठीच्या खोलीत भिंतींना चादरी टांगून काटेबाईंनी सगळं सांगितलं. गोळी जेवल्यावर घे, चहाबरोबर नको. डाळ, पालेभाजी, रोज एक फळ. बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. सुरुवात मात्र कागदावर नव्हती, ती सवयीनं तोंडून गेली: "काय गं, जेवलीस का?"

बायका फोनला "हो, जेवले" म्हणायच्या. सासवा हसायच्या, घरातलं माणूस विचारत नाही तेवढं हे डबडं विचारतं म्हणून.

पुढे त्याच बायका बाळंत झाल्या, निरोप येतच राहिले आणि काटेबाई वजनं करायला जाऊ लागल्या. पहिल्याच घरी त्या दारातून बोलल्या आणि आतलं रडणं कापल्यासारखं थांबलं. आजी म्हणाली, गेल्या जन्मीची आई दिसते. काटेबाईही हसल्या. दुसऱ्या घरी तेच. पाचव्या घरी त्या हसल्या नाहीत. नव्या माणसाकडे बघावं तशी ती बाळं बघत नव्हती. यायला उशीर केलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. रोजची प्रार्थना त्या मोठ्यानं म्हणायच्या, ती मनात म्हणू लागल्या. कारण त्यांनी देवाला हाक मारली की भिंतीपलीकडचं तान्हं गप्प व्हायचं.

शिंप्याच्या माडीवरच्या सुनेचं बाळ चार महिन्यांचं होतं. महिन्यात तीनशे ग्रॅम घटलं होतं. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, आठवड्यात वजन वाढलं नाही तर भरती करावं लागेल. दूध भरपूर होतं, पण निरोप लावल्याशिवाय ते तोंड लावत नव्हतं. आणि लावला की दूध सोडून फोनकडे मान वळवायचं.

"तुम्हीच बोला ना काकू," सून म्हणाली. काटेबाई दोन शब्द बोलल्या. बाळानं आईला सोडलं आणि त्यांच्याकडे हात पसरले.

सून बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, हा माझाच आहे ना?"

बाळ पोटात असताना तू त्याच्याशी काय बोलायचीस, असं काटेबाईंनी विचारलं. कुणाशीच नाही, सून म्हणाली. नवरा परगावी, सासू नाही, सासरे दिवसभर खाली मशीनवर. खोलीत आवाज व्हायचा तो निरोपाचाच. तोच तोच लावून बसायची.

सगळं शिकवलं होतं काटेबाईंनी. बाळाशी बोल, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

अकरा वाजता शुक्रवारचा निरोप येणार होता. त्याआधीच त्यांनी सुनेचा फोन बंद केला. "आता मी तोंड उघडणार नाही. बोलायचं तू," असं म्हणून त्या बाहेर जिन्यात जाऊन बसल्या.

आत बाळानं आकांत मांडला. बऱ्याच वेळानं आवाज आला, "काय गं, जेवलीस का?"

काटेबाईंच्या अंगावर काटा आला. तो आवाज त्यांचाच होता, पण सुनेच्या तोंडून. तीच ओढ, तोच हेल. गोळी, डाळ, पालेभाजी, सगळं अक्षर न् अक्षर. बाळ हुंदके देत ऐकू लागलं. निरोप संपला आणि ते पुन्हा किंचाळलं.

"मला नाही रे जेवण जात," सून अचानक म्हणाली. आवाज बसका, न वापरलेल्या नळासारखा अडखळत आला. "तुझे आजोबा मशीन थांबवतच नाहीत. डोकं उठतं. बघतोस काय असा? मीच आहे."

रडणं अडखळलं. थोड्या वेळानं घुटक्यांचा आवाज येऊ लागला.

चपला हातात घेऊन, येते असंही न म्हणता काटेबाई खाली उतरल्या. गल्लीत पोचल्या आणि अकरा वाजले. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून त्यांचाच आवाज बाहेर आला, एकीतून आधी, दुसरीतून क्षणभर मागे. एकेका घरातलं रडणं थांबत गेलं. शेवटी सगळी गल्ली श्वास रोखल्यासारखी गप्प झाली.

तोंडावर हात दाबून त्या मधोमध उभ्या राहिल्या. वर माडीवर तो बसका आवाज अजून मशीनच्या नावानं बोटं मोडत होता.