नळाचा शब्द

"पहिला कॉक बंद, मग बोला."

हे म्हणताना ते उजव्या हाताची तीन बोटं हवेत जुळवून उजवीकडे फिरवायचे. समोर नळ असो वा नसो. तुमच्या इमारतीत पाणी सोडणारा असा एखादा माणूस असेल, तर ती बोटं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या कसबा बावड्यातल्या अपार्टमेंटमध्ये त्यांनी ती चौदा वर्षं फिरवली. फ्लॅट चोवीस, गच्चीवर काळ्या टाक्या चोवीस. प्रत्येक टाकीत एक तरंगता गोळा. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी आपोआप बंद होतं. त्याला बॉल कॉक म्हणतात. पाणी सोडायला प्रत्येक टाकीला हाताने फिरवायचा एक नळ, तोही कॉकच. चोवीस टाक्यांचे हे सगळे कॉक त्यांच्या ताब्यात होते. सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणायचो, जरी आमच्या वयात फार तर दहा वर्षांचं अंतर होतं.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आजही आहे. शाहूपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एस्टिमेटं काढतो, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा ते म्हणाले, "सायेब, तुमचा कॉक लई गळतोय." मी गच्चीवर गेलो, गळतीखाली एक लिटरचं माप धरलं आणि घड्याळ लावलं. चार मिनिटांत माप भरलं. खाली येऊन सांगितलं, "दिवसाला तीनशे साठ लिटर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्या तेच म्हणलो की. लई."

कॉक हा शब्द त्यांच्या तोंडी नळापुरता राहिला नव्हता. पार्किंगवरून दोन बिऱ्हाडांचं भांडण जुंपलं, तेव्हा ते मध्ये जाऊन उभे राहिले. "दोघंबी पहिला कॉक बंद करा. पाणी वाया चाललंय." दोघंही हसले, भांडण मिटलं नाही पण थांबलं. एक पाहुणा जिन्यात मोबाईलवर मोठमोठ्यानं बोलत होता, तर त्याला म्हणाले, "पावणं, कॉक जरा बारीक करा."

माझे वडील गेले तेव्हा तीन दिवस मी फक्त याद्या करत होतो. कोणाला कळवलं, कोणाला कळवायचं राहिलं. चौथ्या दिवशी मी पंपाच्या खोलीत मीटरचा आकडा घ्यायला उतरलो. ते तिथे होते. म्हणाले, "सायेब, कॉक उघडा की जरा. आतल्या आत प्रेशर वाढतंय. पायपा फुटत्यात असल्यानं." मी आकडा लिहून घेतला आणि वर आलो. जिन्यातच मला रडू आलं.

इंग्रजीचा त्यांना अभिमान होता. दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क. "काठावर, पण पास," असं ते दोन्ही गोष्टी सारख्याच जोरात सांगायचे. नव्या नळाचं खोकं आलं की त्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे. गेटजवळच्या फळ्यावर पाण्याची वेळ मराठीत लिहायचे, पण खाली 'थँक यू' इंग्रजीत.

मग नवी कमिटी आली. चेअरमन तरुण, कामसू माणूस, वाईट नाही. इमारतीत तीन घरं बाहेरच्या राज्यातली, म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीतच लिहायचं असं ठरलं. काकांना ग्रुपवर मी घेतलं. नियमही मीच सांगितला. म्हणाले, "टाकतो की इंग्लिशमधी. त्यात काय हाय!"

दोन महिने त्यांनी व्यवस्थित टाकलं. पाणी आलं, पाणी गेलं, पंप बंद. मग एका सोमवारी सकाळी सव्वादहाला त्यांनी चारशे तीनमधल्या बाईंना उद्देशून संदेश टाकला. बाई एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. पती मस्कतला, त्यामुळे त्या एकट्याच राहतात. त्यांची टाकी वाहत होती. संदेश इंग्रजीतच होता: "मॅडम, युवर कॉक इज लीकिंग सिन्स यस्टरडे. आय विल कम ॲट फोर ओ'क्लॉक अँड टाइट इट. डोन्ट वरी."

हसणारे चेहरे यायला लागले. साडेदहापर्यंत मी एकोणीस मोजले. विसावा खुद्द काकांचा होता. बाईंनी तेवढं साधं उत्तर दिलं, "ओके काका, थँक यू." चार वाजता काका गेले, कॉक बदलला आणि आले.

संध्याकाळी तो संदेश सांगलीहून माझ्या मेहुण्याने मला पाठवला. खाली कोणीतरी काहीबाही जोडलेलं. फ्लॅट नंबर तसाच दिसत होता. दोन दिवसांत तो फिरत फिरत मस्कतला पोचला आणि बाईंच्या पतींचा चेअरमनना फोन आला. माझ्या बायकोबद्दल चारचौघांत असं लिहिणारा माणूस तुमच्या इमारतीत फिरतोच कसा?

कमिटीची सभा झाली. मी म्हणालो, "हा शब्द नळाचा आहे. खोक्यावर छापलेला असतो."

चेअरमन म्हणाले, "अहो, ते मला कळतंय. पण बाहेर काय दिसतं? उद्या पोलिसांत गेले तर?"

"बाईंना विचारूया."

"त्यांना कशाला आणखी लाजवायचं?"

मतं घेतली. आम्ही सात जण. काढावं म्हणणारे चार, ठेवावं म्हणणारे दोन. सातवा मी. सेक्रेटरीनं तटस्थ राहावं असं तेव्हा मला वाटलं. माझ्या मताने ते वाचले नसतेच, चार विरुद्ध तीन झालं असतं. हा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला. प्रत्येक वेळी बरोबर येतो आणि काही उपयोग होत नाही.

इतिवृत्तात चेअरमननी सांगितलं आणि मी लिहिलं: 'महिला सभासदाबाबत असभ्य शब्द वापरल्यामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे.' अक्षर माझं.

सांगायला मीच गेलो. ते पंपाच्या खोलीत पाना पुसत होते. मी सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला.

"कुठला शब्द, सायेब?"

मला वाटलं होतं एव्हाना कोणीतरी त्यांना सांगितलं असेल. कोणीच सांगितलं नव्हतं. तीन दिवस सगळी इमारत त्यांच्याकडे बघून हसत होती आणि त्यांच्याशी बोलत नव्हती.

"कॉक," मी म्हणालो.

"म्हंजे कोंबडा. शाळेत हुतं की आमाला. सगळी हसालती, म्हणलं, मॅडमच्या टाकीत कोंबडा बसलाय असं वाटलं आसंल. म्हणून मीबी हसलो."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी सरळ सांगितलं. म्हणालो, "काका, इंग्रजीत घाणेरडं बोलणारी माणसं पुरुषाच्या अवयवालाही हाच शब्द वापरतात." आणि मग त्यांना नीट समजावं म्हणून आपला गावठी शब्दही सांगितला.

त्यांनी पाना उचलून पुन्हा पुसायला घेतला. पंप चालू होता. मग म्हणाले, "म्या तुमच्या वैनींला रोज म्हणतोय. त्या तळमजल्याच्या आजींला म्हणतोय. सुनंला म्हणतोय घरात." त्यांनी बोटांवर आणखी दोघी-तिघी मोजल्या. "चौदा वरसं?"

"त्यांना सगळ्यांना नळच कळला, काका."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"होतं."

"मग कधी बोलला न्हाईसा!"

मी मीटरचा आकडा लिहून घेतला आणि वर आलो. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं दाखवून दिलं, कारण नवा माणूस मिळेपर्यंत पाणी मीच सोडणार होतो. गच्चीवर ते पुढे, मी वही घेऊन मागे. "हे दोनशे एकचं. हे जरा कडक हाय, दोन हातानं फिरवा. हे न्हाय, त्याच्या बाजूचं." चोवीस टाक्या दाखवल्या आणि त्यांनी एकदाही तो शब्द उच्चारला नाही. हे, ते, त्याच्या बाजूचं. माझी वही 'हे'ने भरली. घरी येऊन वाचली तेव्हा मला एकही ओळखता येईना.

ते बायकोला घेऊन पेठ वडगावला मुलाकडे राहायला गेले. तीनेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. तिथल्या एका नव्या इमारतीत पाण्याचं काम होतं, बोलणंही झालं होतं. त्या लोकांनी चौकशीसाठी आमच्या चेअरमनना फोन केला. चेअरमन खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी कागद काढला आणि त्यावर होतं ते वाचून दाखवलं.

"त्यांचंबी खरं हाय," काका म्हणाले. "त्यांच्यातबी बायाबापड्या ऱ्हात्यात. पर सायेब, ते पेपरावर ऱ्हायलंय तेवढं खोडता आलं तर बघा. काम न्हाय मिळालं तरी चालतंय. सुनंच्या माहेरापतुर गेलंय ओ. मी काय तसला माणूस न्हवं."

मी म्हणालो, खोडतो.

पण इतिवृत्त असं खोडता येत नाही. मंजूर झालेलं इतिवृत्त दुरुस्त करायचं तर वार्षिक सभेत ठराव लागतो. सभेला पाच महिने होते. मी नियम मोडू शकलो असतो, एक कागद बदलायचा होता. मोडला नाही. मधल्या काळात त्यांचे दोन फोन आले. दुसऱ्यांदा आवाज बारीक होता. छातीत पाणी झालंय म्हणाले. सभेची तारीख विचारली. मी सांगितली.

सभेला एकवीस सभासद हजर होते. मी उभा राहिलो आणि तो शब्द मोठ्याने उच्चारला. मागे हसू फुटलं. मी पुन्हा उच्चारला. मग चारशे तीनच्या बाई उठल्या. शिकवण्याच्या आवाजात म्हणाल्या, "मी हा शब्द वर्गात रोज वापरते. आमच्या प्रयोगशाळेतल्या ब्युरेटच्या नळीलाही स्टॉपकॉक असतो. मुलं पहिल्या दिवशी हसतात, दुसऱ्या दिवशी हसत नाहीत. तुम्ही कितव्या दिवशी थांबणार?" आणि जरा थांबून म्हणाल्या, "मला त्या वेळी कोणी विचारलं नाही. काकांना काढलंय हे मला आठ दिवसांनी कळलं."

चेअरमनही वरमले. ठरावात 'तांत्रिक शब्द' असं मोघम लिहावं, असं त्यांनी सुचवलं. मी ऐकलं नाही. 'असभ्य शब्द' असं मोघम लिहिल्यामुळेच सगळं झालं होतं. रिकामी जागा सोडली की माणसं तिच्यात वाटेल ते भरतात. मी म्हणालो, शब्द पुरा यायला हवा, त्याचा अर्थ यायला हवा आणि काकांनी तो त्याच अर्थाने वापरला होता हेही यायला हवं. ठराव चौदा विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला. शेवटी मी एक ओळ घातली: 'यापुढे त्यांना कोठेही काम देण्यास या संस्थेची हरकत नाही.'

प्रत टाईप होऊन सही-शिक्का व्हायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी सकाळी मी वडगावला गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मला ओळखलं. कपाळ मोकळं होतं.

"कधी?" मी विचारलं.

त्यांनी वार सांगितला. मी मनात मागे मोजलं. सभेच्या चार दिवस आधी.

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. आतून नातीचा आवाज येत होता. ती पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत होती. मी कागद काढला आणि सांगितलं की कमिटीनं चूक कबूल केली आहे, काकांवरचा ठपका पुसला आहे आणि हे सगळं सही-शिक्क्यासह लिहून दिलं आहे.

त्यांनी हात पदराला पुसून कागद घेतला. वाचता येत नव्हतं, पण शिक्क्यावर बोट ठेवलं.

"लई वाट बघितली त्यांनी," त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे पाहून आवाज खाली केला. "ह्यात त्यो शब्द हाय व्हय?"

"आहे."

"किती येळा?"

खोटं बोलायला तीच एक वेळ होती. "चार," मी खरं तेच सांगितलं.

त्यांनी कागद होत्या त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला आणि माझ्या हातात दिला. "मग तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या, भाऊ. पोरगी आता समदं वाचती."

मी चहा संपवला आणि निघालो. कागद आणून फायलीत लावला. आमच्या फायलीत त्या ठरावाच्या आता दोन प्रती आहेत. नियमाप्रमाणे एकच असायला हवी.