हजार वर्षांची मशागत

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्या बाई मूळच्या केम गावच्या. दळता दळता त्या मोबाइलवर एक चिनी विनोदी कादंबरी वाचतात आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगतात. तिचा नायक अमर होण्यासाठी डोंगरावर तप करतो, पण मराठी भाषांतरात 'तप'ऐवजी 'मशागत' आलंय. बाई त्यावर जाम खूश! "हजार वर्षं मशागत, अन् पीक? एक कणीस न्हाय! लई आळशी हाय की ओ!" हसताना माझं पीठ सांडलं.

बाईंच्या सांगण्यात रोज येणारी भांडखोर स्वयंपाकीण माझी लाडकी. तिचं पुढं काय होतं, हे कळेपर्यंत मला दम निघेना, म्हणून मीच ती कादंबरी वाचली. तीनशे प्रकरणांत नायक एकेचाळीस वेळा मरता मरता वाचतो, तेही एकाच युक्तीने. स्वयंपाकीण मात्र बाराव्या प्रकरणानंतर कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना तसं सांगितलं. त्या जवळ आल्या.

"हळू बोला की भाऊ, बाया ऐकतील. लिहिणारा इसरला तिला. मी कशी इसरू?" मग आवाज चढवून म्हणाल्या, "ऐका! आज तिनं गुरूला लाटण्यानं हाणलं!"

माझं दळण होऊन वीस मिनिटं झाली होती. मी बसलो.