बाहेरून येणारा आलेख

अविश्वास इतक्या मायेने दाखवणारा माणूस मी आबांसारखा दुसरा पाहिलेला नाही. जळगावजवळच्या ज्या केळी पिकवणी केंद्रात मी धुळ्याहून संगणकाच्या कामाला आले, तिथल्या यंत्रांचं जाळं त्यांच्या ताब्यात होतं. वीस चेंबर, प्रत्येकात रचलेली हिरवी केळी आणि तिथलं तापमान, ओल, गॅस मोजणारी यंत्रं. ही यंत्रं एकमेकांना तारांनी जोडलेली होती, इंटरनेटला मात्र नाही. "केळीला जगाच्या बातम्या कशाला पाहिजेत?" असं आबा विचारत. पेन ड्राइव्ह बसतो त्या सगळ्या खाचा त्यांनी गळक्या नळाला लावायच्या लांबीने बुजवून टाकल्या होत्या. बाहेरचा मेकॅनिक आला की ते त्याचा मोबाइल बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवून घेत, रीतसर पावती देत आणि वर चहाही पाजत. एकदा त्यांनी खुद्द मालकांचा मोबाइल डब्यात घातला. पावतीवर लिहिलं, 'फोन एक, काळा, मालकांचा.' मालकांनी ती मुकाट्याने खिशात घातली. आतल्या यंत्रांना बाहेरून वेळ कळण्याची सोय नव्हती, म्हणून दर सोमवारी सकाळी आबा रेडिओवर आपलं मनगटी घड्याळ लावून घेत आणि मग विसाच्या वीस यंत्रांची घड्याळं स्वतः फिरून जुळवत. सातव्या चेंबरचं यंत्र आठवड्याला दोन मिनिटं मागे पडायचं. त्याच्यापाशी थांबून ते म्हणत, "काय रे, झोपी गया का?" कचेरीत ते नीटनेटकी मराठी बोलत, पण राग आला किंवा लाड आले की दोंडाईच्याकडची अहिराणी बाहेर पडे.

मी आले तेव्हा चेंबरमधली माणसं दर तासाला आकडे वहीत उतरवत. मला वाटलं, हे आकडे पडद्यावर आलेखात दिसले तर किती बरं. आलेख काढून देणारी एक फुकट सोय मला वेबवर सापडली. आपण आकडे द्यायचे, रेषा तिने काढायची. माझ्या टेबलावरच्या इंटरनेट असलेल्या संगणकावर ते इतकं सुरेख चाललं की मी जेवायचं विसरले. पण आतल्या यंत्रावर लावलं तर आलेखाच्या जागी नुसता पांढरा चौकोन. आबा माझ्यामागे उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "पोरी, हाई कथाईन येस?"

कुठून येतं ते मी सांगितलं. आकडे आपलेच, फक्त रेषा काढणारा प्रोग्रॅम दर वेळी बाहेरून मागवला जातो. "एवढीशी वाट उघडली तरी पुरेल, आबा."

"एवढीशी वाट नसते. वाट असते, नाहीतर नसते," ते म्हणाले. मग, "त्या चित्र काढणाऱ्यालाच घरात आणून ठेव ना. रोज कशाला बोलवायचं?"

ते काय म्हणाले हे आज मला अक्षरन् अक्षर कळतं. तेव्हा मला वाटलं, म्हातारा नेहमीसारखा काहीतरी बोलतोय. चार दिवसांनी मुंबईचे खरेदीदार येणार होते. मी सरळ मालकांकडे गेले आणि सांगितलं, "आबांमुळे काम अडलंय."

मालकांनी आबांना बोलावलं. आबांनी वाट उघडायला नकार दिला. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. यंत्रांच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "मी नाही उघडणार. दुसऱ्याने उघडली तर अडवणारही नाही." दुसऱ्या दिवशी बाहेरच्या माणसाने येऊन वाट उघडली. खरेदीदारांसमोर वीस आलेख झळकले, टाळ्या झाल्या आणि माझं कौतुकही झालं. पंधरवड्यात आबांची बदली दोंडाईच्याच्या गोदामात झाली. घर जवळ पडेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

पुढे वह्या बंद झाल्या. पडदा असताना आकडे कोण उतरवणार? मग एका सकाळी वीसही चेंबरांचे पांढरे चौकोन झाले. ती फुकट सोय चालवणाऱ्यांनी ती बंद केली होती, एवढंच. यंत्रं तापमान मोजत होती, पण ते बघायला कोणाला सुचलं नाही. सगळे माझ्याभोवती गोळा होऊन आलेख परत येण्याची वाट बघत राहिले. तेवढ्यात एका चेंबरचं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. लक्षात आलं तेव्हा आतली केळी काळी पडून बसली होती.

त्याच दुपारी मी शोधलं तेव्हा कळलं, तसाच प्रोग्रॅम एकदा उतरवून आपल्याच सर्व्हरवर कायमचा ठेवता येतो. मग बाहेर जायची गरजच नाही. तासाभराचं काम होतं. बाहेरची वाट मी माझ्या हाताने बंद केली आणि रविवारी पॅसेंजरने दोंडाईच्याला गेले, आबांची माफी मागायला.

ते घराच्या ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "केळी कोणाची होती?"

"असोद्याच्या दोन शेतकरी भावांची. मालकांनी भरपाई दिली."

"भरपाई दिली ते बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "प्रोग्रॅम आत आणलास. अक्षरं आणलीस का?"

"अक्षरं?"

"पडद्यावरची मराठी अक्षरं, फॉन्ट म्हणतात ना, ती. तीसुद्धा पुष्कळदा बाहेरूनच येतात. तपासून बघ."

मी तपासलं नव्हतं. माझा चेहरा बघून ते इतके मनापासून हसले की आतून काकू डोकावल्या. मी धीर करून म्हटलं, "आबा, मालकांकडे तक्रार मीच केली होती."

"माले मालूम शे."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"तुले राग येता. मग तू काही विचारायला आलीच नसतीस." मग रस्त्याकडे बघत, साध्या मराठीत म्हणाले, "तशीही आली नाहीस म्हणा."

मी म्हटलं, परत या, मालकांशी मी बोलते. त्यांनी मान हलवली. गोदामातूनच निवृत्ती घ्यायचा अर्ज त्यांनी दिला होता. मग ते मला स्टेशनपर्यंत पोचवायला आले आणि वाटभर आम्ही अक्षरं आत कशी आणायची तेच बोलत होतो. गाडी आली. मी चढले, खिडकीत बसले, हात हलवला. अमळनेर गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की ज्यासाठी गेले होते तो एक शब्द माझ्या तोंडून निघालाच नव्हता. सोमवारी बघितलं, तर अक्षरं खरंच बाहेरून मागवली जात होती. ते सांगायला मी त्यांना फोन केला. ते खूश झाले, आणि तेव्हाही माझ्याकडून तो राहूनच गेला.