बांगड्याचं मीठ

त्या संध्याकाळी पाहुणे जमले म्हणून बायकोने नि मी अंगणात नारळाच्या सोडणांवर बांगडे भाजले. तिने मीठ, मिरची, कोकमाचं आगळ चोळलं, मी विस्तव फुंकला. सोपं काम. तरी चारचौघांत मी बोललोच, "अगो, मीठ कमी पडलंय."

"उद्याला तुमचे दोन वेगळे ठेवलेत, त्यांना निजण्याआधी लावते जास्त. आता खा नि गप बसा." पाहुणे हसले.

रात्री झोपली ती उठलीच नाही.

जन्मभर पुरुष आयतं जेवतो आणि कमी काय तेवढंच सांगतो. बरं झालेलं सांगायचं राहतं. आता सांगून उपयोग नाही.

तिला जाळून आलो. दुसऱ्या सकाळी बहीण म्हणाली, "दादा, सुतक आहे. ते मासे टाक."

मी चूल पेटवली. दोन्ही भाजून खाल्ले. मीठ बरोबर होतं.