सातपुड्यावरची पिवळी रेष

लाकडी तिपाई, कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबणारा टायमर, लेन्सवर दव धरू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी. सगळं मी पिंप्राळ्यात घरीच बनवलंय, कुठलाही कोर्स न करता.

मित्रांनो, आज सकाळी इथे टाकलेला ताऱ्यांचा फोटो याच सामानावर काढलाय. रात्रभरातले शेकडो फोटो एकावर एक ठेवले की ताऱ्यांच्या रेषा उमटतात. या वेळी डोंगराच्या अंगावरही एक पिवळी रेष उमटली, गाड्यांच्या दिव्यांची. बरेच जण असले दिवे पुसून टाकतात. मी पुसत नाही.

पायथ्याच्या गावात ज्यांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, कॅमेरा लावला होता, त्या आबांना फोटो पाठवला. लगेच त्यांचा फोन आला.

"भाऊ, तठे तर पायवाट बी नही शे. गाड्या कथाईन चढन्यात?"

"आबा, पायवाटही नाही, तर तिकडे आहे काय?"

"बठ्ठा साग शे." म्हणजे सगळं सागाचं जंगल.

दुपारी एका अनोळखी माणसाचा फोन. आवाज अगदी गोड. "दादा, फोटो झकास! मूळ फाइलींसकट विकत घेतो. तुमच्याकडे एकही प्रत ठेवायची नाही." मग सहज म्हणाला, "म्हातारबाबांचं धाबं मजबूत आहे ना? जपा म्हणावं."

धाब्याबद्दल मी सकाळी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

आबा घरात एकटेच राहतात. संध्याकाळी त्यांना लेकीकडे पोचवून आलो, कुठे ते लिहीत नाही. वनखात्याकडे तक्रार केल्याचा कुणाला अनुभव असेल तर सांगा, पुढे काय काय होतं?

फोनवाल्याला मी नाही म्हटलं. तो दोन लाख देत होता.